वॉलेटची चतुःसीमा

क्रिप्टोच्या वॉलेटची चतुःसीमा लिहून देणारा मी बहुधा आमच्या तालुक्यातला पहिलाच माणूस असेन.

झालं असं, की बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि मी कधीकाळी हौसेनं घेतलेली नाणी वॉलेटातून एका कंपनीकडे विकायला पाठवली. कंपनीनं ती अडकवून ठेवली. म्हणे, ज्या वॉलेटातून आली ते तुमचंच आहे, हे सिद्ध करा. आता आमच्या किहीमकडे मालकी सिद्ध करायची म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वॉलेट फोनात, फोन घरात, म्हणून मी घराच्या चारी सीमा लिहिल्या. पूर्वेस चुलतभावाची नारळाची वाडी, पश्चिमेस समुद्राकडे जाणारी वाट, वगैरे. खाली पंच म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायला निघालो.

सगळ्यांनी केल्या. एका काकांनी तेवढं विचारलं, या वॉलेटपर्यंत गाडी जाते का.

राहिला चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापायी त्यानं आमच्या मोजणीच्या कागदावर कधी सही केली नव्हती. बोलणंही बंदच होतं. मी त्याच्या पडवीत उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं कागद वाचलासुद्धा नाही.

"वहिनीच्या पायासाठी हाय ना, दादा? आण इकडं."

सही केली आणि आत निघून गेला.

कागदाचा फोटो पाठवल्यावर कंपनीतल्या मुलीचा फोन आला. ती हसली नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. तिनं सांगितलं, काका, पंच नकोत. मी पाठवते ते वाक्य वॉलेटात टाका आणि 'सही करा'चं बटण दाबा. वॉलेटची चावी ज्याच्याकडे, त्यालाच ती सही जमते. मला बटण सापडेपर्यंत बिचारी फोनवर थांबली. पैसे सुटले, ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

परवा बायको काठीशिवाय पडवीपर्यंत आली, तेव्हा मी तिला चुलतभावाच्या सहीची हकिकत सांगितली. तिनं वाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "भावजींना रविवारी जेवायला बोलवा. आणि ताटावर बांधाचा विषय काढलात, तर मी उठून त्यांच्याकडे राहायला जाईन. आता चालता येतंय मला."