शेंदराखालचा किसन

"ओ सायकलवाले, वाचता येतं का?" असं विचारत म्हातारबा काठी आडवी धरायचे. काठी चाकात जाईल या भीतीने भलेभले खाली उतरायचे.

कासारवाडीला पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला कमरेइतका एक दगड होता. त्यावर कोरलेलं : 'शिपाई किसन, राहणार कासारवाडी, ब्रह्मदेशच्या लढाईत कामी आला.' किसन हा म्हातारबांचा एकुलता एक मुलगा. लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. म्हातारबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ते जाणाऱ्या-येणाऱ्याकडून नाव वाचून घ्यायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे म्हणायचे, "आमचाच हाय त्यो!"

नुसतं वाचून सुटका नसे. "सावकाश वो. शिपाई म्हनल्यावर जरा दम खावा." कुणी घाईत 'राहणार कासारवाडी' गाळलं की, "गाव खाल्लं की वो! परत, पयल्यापास्नं."

तुम्ही हसाल, पण मला सकाळी सातचा भोंगा गाठायचा असे. पिंपरीच्या कारखान्यात मी नवा. उशिराचं कारण विचारलं की फाटकावर काय सांगणार? "ब्रह्मदेशची लढाई" हे उत्तर दोनदा देऊन झालं होतं.

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगतो. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, म्हातारबा जेवायला घरी गेलेले बघून मी त्या दगडाला वरपासून खालपर्यंत तेल-शेंदूर थापला. वर दोन डोळेही चिकटवले. कुणी विचारलंच तर नवस आहे म्हणणार होतो. अक्षरंच दिसली नाहीत तर वाचायला सांगतील कसं, असा माझा बेत.

दुसऱ्या दिवशी म्हातारबा दगडासमोर उभे. "आरं, पोरगं द्येव झालं," एवढंच म्हणाले.

आठवड्यात देव नवसाला पावू लागला. ट्रकवाले नारळ फोडू लागले. कुणी म्हसोबा म्हणे, कुणी वेताळ. एक ड्रायव्हर कोंबडं घेऊन आला, तर म्हातारबा आडवे आले. "न्हाई, न्हाई! किसनला कोंबडं सोसत न्हाई. पोट बिघडतं त्याचं."

सगळे हात जोडत आणि निघून जात. नाव मात्र कुणी घेईना. मग काठी उरली फक्त माझ्या चाकापुढे. "तुमाला पाठ आसंल. म्हना." मी रोज शेंदराकडे बघून म्हणायचो, 'शिपाई...' आणि दम खायचो. भोंगा चुकायचा तो चुकायचाच.

वर्षभराने एकदा माझ्या हातावर खोबरं ठेवत ते म्हणाले, "त्या दुसऱ्या दिशी तुमच्या सायकलीच्या मुठीला शेंदूर व्हता."

मी नकळत सायकलची मूठ पुसली. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो, तर तुमी दुसऱ्या वाटंनं गेला आसता. मग पोराचं नाव कुनी घेतलं आसतं?"

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारबा गेले. मी पत्र्याचा तुकडा घेऊन शेंदूर खरवडायला गेलो, तर ट्रकवाल्यांनी "देवाला हात लावतो काय!" म्हणत मला पिंपरीपर्यंत पिटाळलं.

आता माझेही केस पिकलेत. अजून तिथे सायकलवरून उतरतो, हात जोडतो आणि शेंदराखालची ती ओळ मोठ्याने म्हणतो. परवा नारळ फोडणाऱ्या एका ड्रायव्हरने विचारलं, "कसला मंत्र हा, भाऊ? मलाही सांगा."

मी सांगितला. तो घाईघाईत पुटपुटला आणि गाडीकडे वळला.

मी काठीसारखा हात आडवा धरला. "गाव खाल्लं की वो! परत, पयल्यापास्नं."