आखाजीआधीचा निरोप

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात संधी होती, तर मी उन्हाळ्याचे विनोद सांगून वेळ काढला. बायकोलाही अर्धंच सांगितलं. पण जी चूक नानांच्या नावावर राहिली आहे, ती तिथून काढायला हवी.

मी जळगावला शेतकऱ्यांसाठीचं हवामान पत्रक तयार करायचो. पुढच्या काही दिवसांचा अंदाज वरून यायचा, त्याला आम्ही सल्ला जोडायचो आणि पत्रक गावोगाव जायचं. नाना धुळ्याला होते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांचं काम जुन्या हवामानाचं. कित्येक दशकांचे उन्हाळे, वारे, गारपिटी ते एकमेकांशी ताडून बघत. मी उद्याचा माणूस, ते कालचे, आणि दोन्ही कचेऱ्यांना वाटायचं की एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही.

फोन मात्र रोज असायचा.

"भाऊ, काय म्हणस तुन्हं आभाय?"

"तुम्हीच सांगा नाना, तुमच्या आजोबांच्या काळात काय म्हणायचं?"

"मना आजा बी हाऊच घाम पुसत व्हता!"

हिवाळ्यात ते जळगावला आले की आवारातल्या निंबाखाली भरीत आणि कळण्याची भाकरी व्हायची. हाताने कांदा फोडता फोडता ते म्हणायचे, "तुझा अंदाज सांगतो वारा येईल. माझ्या नोंदी सांगतात, असा वारा आला की काय काय पाडून जातो. दोन्ही एका कागदावर आण, तर ते लोकांच्या कामाचं." मी मान हलवायचो आणि भाकरी पुढे ओढायचो.

एका वर्षी त्यांच्या सांगण्यावरून मी पत्रकात वादळाचा इशारा दिला. वादळ आलंच नाही. नंतर जामनेरच्या बाजारात एका व्यापाऱ्याने मला गाठलं. "काय साहेब, तुमचं वादळ भुसावळला गाडी बदलायला उतरलं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

पुढच्या वर्षी आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. उन्हाने जीव नकोसा केला होता आणि एकाएकी दक्षिणेकडून दमट वारा सुरू झाला. वरून आलेला अंदाज साधाच होता: ढगाळ हवा, तुरळक ठिकाणी मेघगर्जना. नानांचा फोन आला तेव्हा पत्रक माझ्या टेबलावरच होतं.

"भाऊ, थट्टा सोड. एवढं तापल्यावर असा वारा शिरला की पहूर-जामनेरकडे वादळ झालेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. आखाजीचे झोके मोठ्या निंबांनाच बांधलेले असतात. एक ओळ टाक, दुपारनंतर झाडाखाली, झोक्यावर कुणी थांबू नये."

मी ओळ लिहिली. मग पुन्हा वाचली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. घरोघर खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि दुपारभर झोक्यावर गाणी. वर्षभराच्या कामातून पोरींना मिळालेली ती एवढीच सुटी. त्या सणाला झोक्यावर बसू नका सांगायचं, आणि वारा आला नाही तर? तो व्यापारी डोळ्यांपुढे आला. मी ओळ खोडली आणि पत्रक पाठवून दिलं.

आखाजीच्या दुपारी वादळ आलं. पहूरजवळच्या एका गावात निंबाची फांदी झोक्यावर कोसळली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी आलेल्या मुलीचा पाय चिरडला. पुढे तो गुडघ्याखाली कापावा लागला.

संध्याकाळी नानांचा फोन. "भाऊ, ती ओळ गेली नव्हती का?"

"नाना, तुमचा फोन आला तोवर पत्रक निघून गेलं होतं."

इतकं सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

आम्ही दोघं त्या गावी गेलो. मुलीचे वडील ओट्यावर बसले होते. निंबाला दोराचा तुकडा तसाच लोंबत होता. वादळाची शंका आधीच आली होती, हे नानांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुमाले म्हाईत व्हतं म्हणता, मंग सांगाले काय झालं व्हतं?"

नानांनी हात जोडले. "माझ्याकडून उशीर झाला, आबा."

मी शेजारी उभा राहून चपलेची धूळ झटकत होतो.

त्यानंतर नाना भल्या पहाटे फोन करू लागले. निरोप पोचल्याची खात्री करणारा पहिला प्रश्न ठरलेला, "निरोप येळवर भेटना ना, भाऊ?" जुन्या नोंदी आणि नवा अंदाज एकत्र बसवून इशारा द्यावा, म्हणून निवृत्तीपर्यंत ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. आज मोबाईलवर येणारा इशारा नुसता वारा सांगत नाही. केळीची बाग आडवी होईल, पत्रे उडतील, झाडाखाली थांबू नका, हेही सांगतो. यंदा आखाजीला आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो वाचून झोका सोडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला. त्या चुकीची टोचणी होती म्हणून नानांनी हे केलं, असं नानांच्या निरोप समारंभात कुणी तरी बोललं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा मी त्या मुलीकडे जाऊन आलो. आता तिचीच मुलगी लग्नाला आली आहे. तिला सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "हे नानाले सांगलं व्हतं का?"

सांगायला गेलो होतो. नाना अंथरुणाला खिळले तेव्हा केळीची एक फणी घेऊन धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा ही गावं मागे पडत होती आणि मी बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, तो फोन मी थोडा आधी केला असता तर पोरीचा पाय वाचला असता रे."

सुनेने चहा आणून ठेवला होता. मी म्हणालो, "नाना, चहा गार होतोय."

पुढच्याच महिन्यात ते गेले. बसमध्ये जुळवलेली वाक्यं अजून माझ्यापाशीच आहेत. नाना, तुमचा निरोप वेळेत आला होता. ओळ मी खोडली, आणि वर खोटंही बोललो. मला माफ करा.