अर्धं बॉनेट

रविवार सकाळ. हजर: मी, पॉलिशवाले इसाकभाई आणि आमच्या ह्यांची निळी गाडी. हे गेल्यावर धाकटे दीर ती ‘सांभाळायला’ घेऊन गेले आणि चिंचेखाली सडवून परत केली.

इसाकभाईंनी बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून एकच बाजू घासली. पांढुरक्या थराखालून ह्यांचा निळा रंग जसाच्या तसा वर आला. माझा रागही तसाच, मुळीच न विटलेला.

“ताई, दुसरी बाजू घेऊ?”

“नको. आज भावजी जेवायला येताहेत.”

भावजी फाटकातच थबकले. “वहिनी, अर्धंच?”

“हे अर्धं तुमच्या हातचं. येईल त्याला दाखवतेय.”

ते जेवून गेले. दुसरी बाजू राहिली आहे. पुढच्या रविवारी सगळे नातेवाईक येतील, तोवर राहू दे.