मुहूर्ताचं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तिनं ते ओळखलं, ही गोष्ट वेगळी. तुम्हाला सांगतोय. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही अजून येतं, आणि मग मध्येच थांबतं.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. भाईंदर पूर्वेला माझा स्टीलच्या ताटांचा छोटा गाळा होता. एक प्रेस मशीन, मोजके कारागीर आणि शेठ म्हणून मिरवणारा मी. केबिन रोडवर जिग्नेशभाईंचं भांड्यांचं दुकान. जवळच्या डोंगरी गावच्या बायका त्यांच्याकडे भिशी भरायच्या — वर्षभर थोडे थोडे पैसे, आणि दिवाळीला ठरलेल्या भावात ताटांचा सेट. त्या ताटांची ऑर्डर माझ्याकडे होती, भावासकट लेखी.

नेमका त्याच वर्षी पत्र्याचा भाव असा उधळला की काय सांगू! सकाळी सांगितलेल्या भावाला व्यापारी संध्याकाळी ओळख देत नव्हता. ठरल्या भावात ताटं दिली असती तर मी बुडालो असतो का? नाही. त्या वर्षीचा नफा गेला असता, इतकंच. ओळखीच्या वकिलांना करार दाखवला. ते म्हणाले, महागाईचं कारण चालणार नाही. मशीन बंद पडलं तर मात्र सुटाल.

मग काय — पडलं माझं मशीन बंद! निदान फोनवर तरी. ताटाचा साचा, म्हणजे आमची डाय, तडकलीय, नवी यायला दिवाळी उलटेल, असं ठोकून दिलं. जिग्नेशभाई उलट माझीच समजूत घालत बसले.

एवढा हुशार मी, पण दसरा विसरलो. दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा, गिऱ्हाइकांना पेढे, आणि पूजा झाली की मशीनवर मुहूर्ताचं एक ताट काढून सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला द्यायचं. ते जुनं गिऱ्हाईक कोण? जिग्नेशभाईच! माझ्या आजारी मशीनसाठी झेंडूची माळ घेऊन हजर. मी काही बोलायच्या आत बायकोनं — तिला बिचारीला त्या फोनचं काय माहीत? — हळदकुंकू वाहिलं, पत्रा ठेवला आणि बटण दाबलं. धाडकन ताट तयार. लखलखीत!

"देखा भाऊ! माताजीने सुन लिया!" जिग्नेशभाई नाचायचेच बाकी होते.

इतकी सोपी सुटका पुन्हा मिळाली असती का? 'हो, झालं ठीक' एवढंच म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणालो? "आवाज ऐकलात ना? डाय परत तडकली." आवाज कुणीच ऐकला नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यासमोरून उचलून पुढे नेला. जिग्नेशभाईंनी खांद्यावर हात ठेवला — "टेन्शन नको घेऊ. मैं कुछ करता हूँ."

केलं त्यांनी. दुसरीकडून महाग ताटं घेतली आणि डोंगरीच्या बायकांना जुन्याच भावात पोचवली. बसनं जाऊन — कारण स्कूटर विकली होती. तेव्हा मी शटर अर्धं ओढून, त्याच मशीनवर, नव्या भावाची ऑर्डर काढत होतो. लाज वाटत होती, तरी काढत होतो.

ते मुहूर्ताचं ताट अजून त्यांच्या दुकानात देवापुढे आहे. रोज त्यात ताजी फुलं असतात. मी दिसलो की हाक मारतात, चहा मागवतात आणि न चुकता विचारतात, "मशीन बराबर?"

मी म्हणतो, "एकदम."

बराबरच होतं. त्या दसऱ्यालाही.