खुणेचा डबा

पत्र्याच्या डब्यावर स्टीलचा डबा! असं कुणी देतं का हो? जरीचं लुगडं दाखवल्याशिवाय बोहारीण वाटीला हात लावू देत नाही. आणि हा मोटरसायकलवाला शिरड शहापुरात येऊन कोरे करकरीत डबे वाटत सुटला होता. अट एकच, लेकरांच्या दूध-पावडरचा जुना डबा द्या. खेड्यात रिकामा डबा फेकतं कोण? कुणाची हळद त्यात, कुणाची चहापत्ती. बायांनी हळद कागदावर ओतली आणि डबे घेऊन धावल्या.

सिंधूबाई धावली नाही. मेंढरं राखण्यात जन्म गेलेली बाई ती. फुकटाचा घास गळ्याला लागतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. शिवाय तो पावडरचा डबा डोळ्यांपुढं आला की ती तोंड फिरवायची.

दोन हजार दोनची गोष्ट. सून सीमा बाळंतपणानंतर टायफाईडनं अंथरुणाला खिळली, दूध आटलं. नामाजी, म्हणजे सिंधूबाईचा नवरा, म्हणाला, "शेळी हाय की दारात." पण डॉक्टरनं डबा लिहून दिला होता आणि डॉक्टरपुढं शेळीचं काय चालतं! तो डबा उघडला आणि तान्ह्या नातीला, राजनंदिनीला, ओकाऱ्या, हगवण लागली. दवाखाना गाठेपर्यंत लेकरू हातचं गेलं. गावातली आणखी काही लेकरंही तशीच आजारी पडली होती, ती वाचली. कंपनीनं तेव्हा छातीठोक सांगितलं, पावडर चांगलीच आहे, खेड्यातल्या बाया बाटल्या धूत नाहीत.

झालं! सगळं सीमाच्या डोक्यावर आलं. तेव्हापासून ती पोर भांडी घासायची ती घासतच राहायची. राखेनं हात फुटले, रक्त आलं, तरी थांबेना. शिवहार, सिंधूबाईचा लेक, तोंडानं कधी काही बोलला नाही. पण सीमानं पाणी दिलं की आधी पेल्यात डोकावून बघायचा. ते बघून सिंधूबाईचा जीव तीळ तीळ तुटायचा. सीमा तशा तापातही उठून बाटली उकळायची, ते तिनं स्वतः बघितलं होतं. सांगितलं तरी ऐकतंय कोण?

तर आता, वर्षभरानं, ती उंबऱ्यात बसून त्या मोटरसायकलवाल्याला न्याहाळत होती. तो प्रत्येक डबा उलटा करून बुडाचा छाप बघायचा. एखादा पोत्यात टाकायचा, एखादा परत द्यायचा. "हा नको, मावशी."

बाजारात मेंढरू घेताना माणूस कान बघतो, कुणाची खूण आहे ते. तसंच हे बघणं! सिंधूबाई उठली ती सरळ पोत्यावर जाऊन बसली.

"बापू, तुमी डबे नेऊन राहिले का खुणा?"

"मावशी, मी पोटार्थी माणूस. कंपनीनं सांगितलं तेवढं करतो."

"पोट आमाला बी हाय. म्हनून दुसऱ्याची लेकरं खायची व्हय?"

शेजारची बेबीबाई फणफणली. "हाती आलेलं स्टील परत काहून द्यायचं गं?"

"माज्या नातीचा जीव घेतला ती खूण हाय त्या डब्यावर. तुज्या पोरानं बी त्यातलंच खाल्लं. त्याचं नशीब बलवत्तर, म्हनून खेळून राहिलं."

बेबीबाईचं तोंड उतरलं. तिनं स्टीलचा डबा मोटरसायकलच्या सीटवर ठेवला आणि आपला पत्र्याचा पोत्यातून ओढून घेतला. मग बाकीच्याही पुढं झाल्या.

सिंधूबाईच्या घरात आढ्याला एक गाठोडं टांगलेलं होतं. त्यात राजनंदिनीचा डबा, झाकण लावलेला, अर्धी पावडर तशीच. तोही तिनं खाली काढला. बुडाचा छाप बाकीच्या डब्यांसारखाच निघाला. सगळं घेऊन ती हिंगोलीला अन्नभेसळीच्या कचेरीत गेली. आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर गेलेत. तिनं दारातच घोंगडी अंथरली. नामाजी कळवळून म्हणाला, "बाई, हत्तीसंगं कुस्ती धरून राहिली तू."

"हत्तीला बी कान असतेत," सिंधूबाई म्हणाली.

शेवटी पावडर तपासली गेली. त्या छापाचा सगळा माल कारखान्यातच नासला होता. दुसरीकडून तक्रारी येताच कंपनीला ते कळलं होतं, म्हणून तर गुपचूप डबे गोळा करणं चाललं होतं! मेल्यांनो, तेवढी धावपळ आधी केली असती तर?

कंपनीचा साहेब औरंगाबादहून पाकीट घेऊन घरी आला. सिंधूबाईनं त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"साहेब, आमचं मेंढरू कुनाच्या रानात शिरलं, पीक खाल्लं, तर कानाची खूण बघतेत. मंग आमाला माजं न्हाई म्हनता येत न्हाई. चार मानसांत जाऊन माजंच हाय म्हनावं लागतं. पाकिटाचं मागून बघू. आधी पारावर चला."

साहेबानं आढेवेढे घेतले, घड्याळ बघितलं. पण दारात गावभरच्या बाया उभ्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन. गेला मुकाट्यानं. पारावर मान खाली घालून बोलला, "पावडर खराब होती. सीमाबाईंची काही चूक नव्हती."

सीमा तिथं आलीच नव्हती. बेबीबाईनं पळत जाऊन तिला सांगितलं.

संध्याकाळी शिवहार मेंढरं कोंडून आला. सीमानं पेला एकदा विसळला, पाणी भरलं आणि त्याच्यापुढं धरला. सिंधूबाई चुलीपाशी बसून बघत होती. शिवहारनं पेला घेतला आणि पेल्यात न बघता सगळं पाणी पिऊन टाकलं.