खुर्चीमागं उभा असलेला माणूस

तो माणूस पंतप्रधान होता असं नात म्हणाली, तेव्हा मी आधी त्याच्या खुर्चीमागं कोण उभं आहे ते बघितलं.

फोटो जुना, काळपट. मोठं टेबल, टेबलावर दौत, खुर्चीत मिशीवाला म्हातारा, हातात टाक. टाक कागदाला टेकलेला, पण डोळे फोटो काढणाऱ्याकडं. मागं एकजण वाकून उभा. त्याचं निम्मं तोंड फोटोच्या कडेला कापलं गेलंय, पण बोट दिसतंय. बोट कागदावर, सही कुठं करायची ते दाखवणारं. मनात म्हणलं, इथंच पाणी मुरतंय.

हॅनोव्हरला लेकाकडं येऊन मला तीन हिवाळे झाले. लेक इंजिनियर, सून घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, आणि ही एकच नात, बारा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलायची जर्मनमध्येच. मधे लेक बसतो आणि मला सांगतो. त्याच्या सांगण्यावर माझा फार भरवसा नाही. पोरगी पाच मिनिटं बोलते आणि हा म्हणतो, शाळा बरी झाली म्हणतीय. बाकीचं कुठं जातं?

तर तिला शाळेत रेफराट करायचं होतं. म्हणजे वर्गापुढं उभं राहून एका माणसाबद्दल बोलायचं. बाईंनी चिठ्ठ्या टाकून शंभरएक वर्षांपूर्वीची माणसं पोरांना वाटली होती. हिच्या वाट्याला कुठल्यातरी डोंगराळ, छोट्या देशाचा पंतप्रधान आला.

एका रविवारी मी मटार सोलत बसले होते आणि तिनं त्याची सगळी कारकीर्द मला वाचून दाखवली. लेक मराठीत सांगत होता. शाळामास्तरचा पोरगा. वकील झाला. दोनदा निवडणुकीला पडला. मग रेल्वेचा मंत्री झाला, डोंगरातनं रूळ नेले. तीनदा पंतप्रधान झाला. पहिल्यांदा वर्षभरात उतरवला. दुसऱ्यांदा पोरींसाठी शाळा काढल्या. तिसऱ्या खेपेला लढाई आली. ह्यानं भर सभेत सांगितलं की आपली पोरं लढाईला जाणार नाहीत. आणि थोड्याच दिवसांत पोरं पाठवायच्या कागदावर ह्याचीच सही. पुढं लोकांनी जाब विचारला, तर म्हणाला, त्या दिवशी कागदांचा ढीग पुढं होता, त्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. मग गावी जाऊन मधमाश्या पाळल्या आणि म्हातारा होऊन मेला.

"चांगला माणूस होता, आई," लेक म्हणाला. "फसवलं त्याला."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच लिहून ठेवलंय की."

"हां. त्यानंच."

नातीला विचारलं, ज्यांची पोरं गेली त्यांनी काय लिहिलंय? तिनं पुस्तकाची पानं उलटली. मग म्हणाली, पुस्तकात नाही. एवढं मला लेकानं न सांगताच कळलं.

मग ती पुन्हा लांबलचक काहीतरी बोलली आणि लेकाचं तोंड फुललं. म्हणाला, शेवटी तिला तुझा फोटो दाखवायचाय. माझी आजीपण गावाची पुढारी होती, चौथी शिकलेली बाई सरपंच होती, असं सांगायचंय. बाईंनी तुला वर्गात यायला सांगितलंय.

मी तिघांच्या तोंडाकडं बघितलं. हे कुणाच्या डोक्यातनं निघालं? सून म्हणाली, "आई, माझ्याकडं काय बघता? मला आत्ता कळतंय." म्हणजे लेकाच्याच. त्यानंच तो फोटो फ्रेम करून दाराशी, कोट टांगायच्या खुंट्यांवर लावलाय. येईल त्या जर्मन माणसाला दाखवतो.

लेक आणि सून बाजाराला गेल्यावर मी फोटोपुढं जाऊन उभी राहिले. रोज जाता-येता दिसतो, पण बघितला नव्हता. खुर्चीत मी, नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पेन. मागं आमचे मालक, शेजारी ग्रामसेवक. मालकांचं बोट वहीवर.

दुष्काळात मी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडली. ह्याच लेकाला तेव्हा बाभळीला झोळी बांधून निजवायचे. बोटांची नखं गेली, परत आली. त्याचं मला काही नाही, सगळ्याच बाया फोडत होत्या. पुढं कधीतरी सरपंचाची जागा बायांसाठी राखीव पडली. मालकांनी मला न विचारता अर्ज भरला आणि मी निवडून आले. शिक्का मालकांच्या खिशात. सभेला ते बसायचे. ग्रामसेवक संध्याकाळी प्रोसिडिंगची वही घेऊन घरी यायचा, त्यात सभेत काय ठरलं ते लिहायचं असतं. पान वर कोरं, खाली माझ्या सहीची जागा. मजकूर तो नंतर लिहायचा. सगळ्या गावांत असंच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मी भाकरीचा हात धुऊन सही करायची.

एकदा विचारलं होतं, वर काय येणार आहे? मालक म्हणाले, "तुला काय करायचंय? कर सही, पोरं जेवायची थांबलीत."

गायरानात सहा घरं होती. मोलमजुरीची माणसं, बाया माझ्याबरोबर खुरपायला यायच्या. त्यातल्या एकीनं माझ्या बाळंतपणात बारा दिवस पाणी भरलं. पोलिसांनी येऊन ती घरं पाडली तेव्हा ती माझ्या दारात आली. म्हणाली, ठरावावर तुझी सही आहे. मी म्हणाले, बाई, मला माहीत नव्हतं. तालुक्याला साहेबांपुढंही तेच म्हणाले. सगळ्यांना ते खरं वाटलं. चौथी शिकलेली बाई, तिला काय माहीत असणार.

पण पाडापाडीच्या पंधरा दिवस आधी वही घरात राहिली होती. मी उघडली होती, सहीच्या वरचा मजकूर तोवर लिहून झाला होता. मला वाचता येतं.

हे मी मालकांनासुद्धा कधी बोलले नाही. आणि आता पोरगी वर्गात सांगणार, माझी आजी पुढारी होती.

नातीला स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं, खाली रेघ मारली आणि तिच्या हातात पेन दिलं. म्हणलं, "इथं नाव लिही."

तिनं पान उलटंपालटं केलं. मग माझ्याकडं संशयानं बघितलं. "वारूम?"

का म्हणून. तेवढी जर्मन मला येते.

म्हणलं, "एवढं तुला सुचलं. मी एकदाच विचारलं आणि सोडून दिलं." मग सगळं सांगितलं. पान कसं कोरं असायचं, वरचा मजकूर कधी यायचा, ती घरं, ती बाई. पोरगी पेन धरून बसली होती. शेवटी तिनं काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण दुसरं काय विचारणार होती?

"माहीत होतं," मी म्हणाले. "मी वाचलं होतं. वाचून वही मिटली."

ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावलं. मला वाटलं, आता बापाला सांगेल. लेक आला, जेवला, काही बोलला नाही. दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. पोरगीही नीट बोलेना. मी मनाशी म्हणलं, रेफराटातनं माझा फोटो काढून टाकला असेल तिनं. बरंच झालं.

तरी गुरुवारी ती मला घेऊन गेली. वर्गात मागच्या खुर्चीवर बसवलं. पोरं वळून वळून माझं लुगडं बघत होती. पडद्यावर मिशीवाला आला, रेल्वे आली, शाळा आल्या. मग तो टेबलाचा फोटो, आणि नातीनं काठीनं ते कापलेलं तोंड दाखवलं, ते बोट दाखवलं. बराच वेळ तिथंच बोलत होती. पुढं काय येणार ते मला दिसलं.

आलाच माझा फोटो. पोरगीनं काठी माझ्या चेहऱ्यावर ठेवली नाही. आधी मालकांच्या बोटावर ठेवली, मग माझ्या हातातल्या पेनावर. बाईंनी काहीतरी विचारलं. नातीनं उत्तर दिलं, लहानसंच. बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. ती मान कसली, कौतुकाची का कीव केल्याची, मला ठरवता येईना. पोरांनी टेबलावर टकटक केलं. टाळ्यांऐवजी इथं तसं करतात म्हणे. मला आधी वाटलं, हाकलतायत.

परत येताना ट्राममध्ये शेजारी बसलो. लेक नव्हता, म्हणजे मधे गाळायला कुणी नव्हतं.

"बाईंनी काय विचारलं?"

पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं मराठीत सांगितलं, एकेक शब्द चाचपत.

"बाई म्हणाल्या, आजीला माहीत नसेल. मी म्हणाले, आजीला माहीत होतं. तिनं सांगितलं."

"आणि त्या पंतप्रधानाला?"

"त्यालापण होतं. त्यानं नाही सांगितलं."

आमचा थांबा आला. उतरताना तिनं माझी पिशवी घेतली.

लेक त्या दिवशी लवकर आला होता, दारातच उभा. कसं झालं, विचारलं. नात म्हणाली, "गूट," म्हणजे चांगलं, आणि बूट काढायला खाली बसली. तो माझ्याकडं बघायला लागला. एवढं मोठं रेफराट आणि ही एकच शब्द बोलली. बाकीचं कुठं गेलं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी खुंट्यांवरचा फोटो उतरवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"बस," म्हणलं. "मी सांगते."