बिमलाजींना न सांगितलेला अर्थ

माझं वय अठ्ठ्याहत्तर. मूळचा अमरावतीचा, पण चाळीस वर्षं दिल्लीच्या करोल बागेत काढली. आमच्या बौद्ध घरात भूतखेतांना कधी थारा नव्हता, आणि नोकरी तर औषध-संशोधनातली... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

एका हॉस्पिटलात नव्या औषधांच्या चाचणीला येणाऱ्यांना संमतीपत्र हिंदीतून समजावून सांगणं, हे माझं काम. बिमलाजी पानिपतहून यायच्या. हातमागावर बसून गुडघे गेलेले, जीभ मात्र तल्लख. पहिल्याच दिवशी हरियाणवीत म्हणाल्या, "मराठा सै तू? पानीपत आळी तै पंगा मत लिए, फेर हारैगा!" पानिपतवालीशी पंगा घेतलास तर पुन्हा हरशील, म्हणे! तेव्हापासून मी त्यांचा 'मराठे'. येताना माझ्यासाठी डब्यात चूरमा असायचाच.

मी त्यांना सांगितलं, "इस दवा का आप पर प्रयोग होगा." आपल्या मराठीत प्रयोग म्हणजे करून बघणं, चाचणी. हिंदीत मात्र नुसत्या वापरालाही प्रयोगच म्हणतात. त्या खूश होऊन म्हणाल्या, "बढ़िया! पुरानी गोळी बंद, इब योही प्रयोग करूँगी."

जुनी गोळी सोडून आता हेच औषध वापरायचं, असं त्यांना वाटलंय, ते मला त्याच क्षणी कळलं. निम्म्या लोकांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी मिळणार होती. तरी मी गप्प बसलो. बाहेर रांग होती — नाही, खरं लिहितो — त्या 'नको' म्हणतील, ही भीती होती. त्यांनी सही केली, आणि त्यांच्या वाट्याला नेमकी तीच कोरी गोळी आली, हे चाचणी संपल्यावर कळलं. सहा महिने दुखणं सोसलं, वर मलाच धीर द्यायच्या, "मराठे, तेरी दवाई धीरे-धीरे असर करैगी."

काही वर्षांनी त्या वारल्या. मी कधीच सांगितलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत गुरुग्रामच्या एका क्लिनिकमध्ये मी एकटाच गेलो होतो. हाताला कंप आहे, म्हणून एका चाचणीत भाग घ्याल का, असं मलाच विचारलं होतं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. संमतीपत्र समजावणाऱ्या मुलीने आत बोलावलं.

"अंकल, आपके साथ वाली आंटी कहाँ गईं?"

"कौन आंटी?"

"पानीपत वाली. आपको मराठे-मराठे कह रही थीं. मुझसे पूछा, 'बेटी, यो प्रयोग के होवै सै?' मैंने सब बताया — नकली गोली भी मिल सकती है, मना भी कर सकते हैं. बोलीं, 'इसनै भी समझा दिए, पूरा.' मतलब, आपको भी पूरा समझा दूँ."

मी एवढंच विचारलं, "समझने के बाद... हाँ बोलीं, या ना?"

"कुछ नहीं. बोलीं, 'सोच के बताऊँगी.' और चली गईं."

बाहेरच्या रजिस्टरात त्या वेळी माझ्याशिवाय कुणाचीच नोंद नव्हती. मला 'मराठे' म्हणणारं दुसरं कुणी आयुष्यात भेटलेलं नाही. खूप डोकं चालवलं, पटेल असं उत्तर काही सापडत नाही.

सोच के बताऊँगी... विचार करायला तेव्हा मी त्यांना वेळच दिला नव्हता.

घ्या बिमलाजी, हवा तेवढा वेळ घ्या. मी थांबलोय.